पारजांभळाचा तिसरा उन्हाळा

आमच्या लॅबमधून पेपर कमी निघतात आणि किस्से जास्त. पेपरला माहिती लागते, पैसे लागतात, परदेशातल्या कोणा अनोळखी माणसाची मान्यता लागते. किश्श्याला डब्याची वेळ पुरते. कोणीतरी भाजीचा डबा उघडतं, "त्या दिवशीचं आठवतंय?" म्हणतं, आणि सगळ्यांना आठवतंच. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे केदारचं, म्हणणं असं की बाकीच्यांच्या ऑफिसच्या किश्श्यांत शेवटी कोणीतरी हसतं, आमच्या किश्श्यांत शेवटी काहीतरी मरतं. त्याचं फारसं चुकत नाही.

आधी लॅबचं सांगते, म्हणजे पुढचं लागेल. आमच्या मॅडम वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. हवामान बदलतंय तर जंगलातल्या झाडांचं काय होतंय, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या वर्षानुवर्षं घाटमाथ्यावरच्या जंगलात जातायत. त्यांचं मुख्य झाड पारजांभूळ. सदाहरित, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दरवर्षी फळतं, पाखरं बिया टाकतात, पावसाळ्यात खाली बोटभर रोपं उगवतात. मग उन्हाळा येतो. पूर्वी थंडीतलं धुकं आणि दव यांच्यावर ही रोपं तग धरायची. आता दव लवकर आटतं, उन्हाचा चटका लवकर बसतो, आणि रोपं जातात. तीन उन्हाळे काढले की रोप वाचलं असं मॅडम धरतात. आम्ही मोजतो त्या प्लॉटांत गेल्या कित्येक वर्षांत एकाही रोपाने तिसरा उन्हाळा काढलेला नाही. वरून फोटो काढला तर जंगल हिरवंगार. "जंगल कसलं," मॅडम म्हणतात, "वृद्धाश्रम आहे."

यंदा एका तुकडीचा, म्हणजे एकाच पावसाळ्यात उगवलेल्या रोपांचा, तिसरा उन्हाळा होता. आणि यंदाच, मे अखेरीला, मॅडम रिटायर होणार होत्या.

*

माझा इंटरव्ह्यू. माझी मुलगी रेवा तेव्हा नुकती चालायला लागलेली. मधल्या काळात मी घरी होते, आणि त्या काळाबद्दल विचारतील म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. मॅडमनी सीव्ही उलटा ठेवला.

"वाईट बातमी सांगता येते का तुम्हाला?"

म्हटलं, कशा प्रकारची?

"साधी. लोक आशेने विचारतात. आपण नाही म्हणायचं."

मी खरं ते सांगितलं. मला चांगली बातमीसुद्धा धड सांगता येत नाही. दिवस गेल्याचं नवऱ्याला सांगताना मी वाक्याची सुरुवात 'घाबरू नकोस' अशी केली होती.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोमवारपासून या." मी आजतागायत विचार करतेय की मी पास कशावर झाले.

*

लॅबचा पहिला नियम म्हणजे पाणी घालायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो. एप्रिलच्या दुपारी, सॅकमध्ये दोन लिटरची बाटली असताना, समोर मान टाकलेल्या रोपाची उंची मोजून निघून जायचं, हे तितकं सोपं नाही. पण रोप आपल्या आपण किती तग धरतं हेच बघायचंय, तर आपण मध्ये पडायचं नाही.

निखिल तेव्हा नवा पीएचडीला लागलेला. मूळचा सोलापूरचा, सज्जन मुलगा, बोलायच्या आधी तीनदा 'सॉरी' म्हणणारा. प्लॉटच्या कडेला बसून त्याने डबा खाल्ला, आणि घरच्या सवयीने उठून चूळ भरली.

मॅडम वीसएक पावलांवर होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "कुठे टाकलीत?"

निखिलने बोट दाखवलं. मॅडम आल्या, वाकल्या, ओल्या मातीच्या भोवती काठीने गोल काढला. गोलात तीन रोपं होती. तिघांचे नंबरचे बिल्ले काढून घेतले. "ही बाद."

"सॉरी मॅडम, पण एक चूळ..."

"तिला उन्हाळ्यात पाऊस म्हणतात."

ती रोपंही पुढे मेलीच. पण आधीच बाद झालेली, त्यामुळे मेलेल्यांतही धरली नाहीत. निखिल अजून कोरडी बडीशेप चावतो आणि घरी पोचेपर्यंत तोंड धूत नाही.

*

दुसरा नियम मरणाचा. रोपाची पानं गळली म्हणजे ते मेलं असं नाही. सालीला नखाने हलकेच खरवडायचं. खाली ओलं हिरवं दिसलं तर जीव आहे, कोरडं तपकिरी दिसलं तर नाही. दोघांनी ते बघायचं, मग एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि हात वर करायचा. उघडा पंजा म्हणजे जिवंत, बंद मूठ म्हणजे मेलं. पाठ अशासाठी, की एकाचं बघून दुसऱ्याने मत बदलू नये. दोन मुठी पडल्याशिवाय कोणालाही मेलेलं धरत नाहीत. तिसऱ्याने हात बघून निकाल मोठ्याने सांगायचा आणि लिहायचा.

पहिल्या महिन्यात मीही हात वर करायचे. माझा पंजा कायम उघडा! समोर काडी असली तरी उघडा. मला खरंच हिरवं दिसायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला मॅडमनी बाजूला घेतलं. मला वाटलं, आता घरी पाठवतात.

"तुम्ही मत देत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही नख लावत जा. तुमचा हात हलका आहे."

तेव्हापासून मी नख लावणारी. मत देणाऱ्या दोघी: मॅडम आणि प्रज्ञा. प्रज्ञा आमचा डेटा सांभाळते, नागपूरची आहे, आणि तिची मूठ मॅडमच्याही आधी आवळते.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत या दोघी रस्त्याकडच्या प्लॉटवर पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. दोघींचे हात वर, पंजे उघडे. मोटरसायकलवरून चाललेले एक गृहस्थ थांबले. जवळच्या वाडीतले असावेत.

"बाई, उद्या मतदान हाय. परचार बंद हाय."

मॅडमनी हात खाली न घेता सांगितलं की हे मतदान झाडांचं आहे.

"आसं व्हय. त्यांचं नाव हाय का यादीत?"

"तेच बघतोय," मॅडम म्हणाल्या.

*

होळीच्या सुमाराला तुकडीतली निम्मी रोपं गेलेली होती, आणि पानांचं तापमान मोजणारे आमचे दोन सेन्सर बंद पडले. नवे मागवायचे तर महिना जाणार. मॅडम म्हणाल्या, इथेच पुण्यात बुधवार पेठेत बघा. मी आणि निखिल एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. काउंटरमागे साठीचे काका, हातात सोल्डरिंग आयर्न.

काकांनी विचारलं, कशाला पाहिजे? निखिलने सॉरी म्हणून सांगायला सुरुवात केली: जंगलातली झाडं, पानं किती तापतात, किती तापली की करपतात.

"कळल्यावर काय करणार?"

निखिल म्हणाला, नोंद करणार.

"आणि मग?"

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मग पेपर लिहिणार.

काकांनी दोन्ही सेन्सर कागदात गुंडाळले. "म्हणजे ताप मोजणार, औषध देणार नाही. आमच्या गल्लीत एक डॉक्टर होते असे." पुडी पुढे सरकवली. "चांगले होते हो. फक्त पेशंट टिकले नाहीत."

*

जंगलात एका ठरावीक खडकावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. मी दर तासाला त्या खडकावर. मॅडम त्याला 'आईचा खडक' म्हणतात. रेवाला धुळीचा खोकला आहे. पुण्यातल्या निम्म्या मुलांना असतो, डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही. डॉक्टरांनी असं म्हटलं की मला जास्त भीती वाटते.

फोन सासूबाई उचलतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि जास्तीचा शब्द वापरत नाहीत.

"आई, रेवा काय करतेय?"

"झोपलीय."

"श्वास नीट आहे ना? घरघर?"

"अगं, जिवंत आहे. तू तुझी झाडं बघ."

मी खडकावरून खाली आले तर मॅडम आणि प्रज्ञा पाठीला पाठ लावून माझी वाट बघत होत्या. त्या दुपारी ओळीने सात-आठ वेळा दोन मुठी पडल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर मी रेवाला उठवलं. उगीचच. ती रडली, आणि सासूबाई म्हणाल्या, "बरं वाटलं?"

वाटलं होतं.

*

प्रज्ञाचे वडील नागपूरला असतात, रेल्वेतून रिटायर झालेले. एकदा त्यांनी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती स्क्रीनवर रोपांचा आलेख लावून बसली होती. खाली खाली जाणारी लाल रेघ. वडिलांना ती दिसली. त्यांनी विचारलं, शेअर मार्केटमध्ये पैसे टाकले का?

प्रज्ञाने समजावलं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे झाडं मरून राह्यले, अन् तू मोजून राह्यली?"

"हो बाबा."

"त्याच्यापेक्षा इकडं ये ना. पंचेचाळीस डिग्रीत आम्ही सारे बसूनच आहोत. आम्हाला मोज."

ती हसली. मग तिने कॅमेरा बंद केला आणि नागपूरचं हवामान उघडून बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना कूलर घेण्यावरून इतकं झापलं की पलीकडच्या खोलीतल्या निखिलने सवयीने 'सॉरी' म्हटलं.

*

केदार हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे. त्यांच्या एचआरला पर्यावरणाच्या कार्यक्रमाला कोणीतरी वक्ते हवे होते, आणि केदारने भाबडेपणाने मॅडमचं नाव सुचवलं. चांदणी चौकापासून हिंजवडीपर्यंत दीड तास लागला. मॅडम पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. काय बघताय विचारलं तर म्हणाल्या, "दुभाजकातली कण्हेर. ती आपल्यापेक्षा पुढे चाललीय."

भाषणानंतर प्रश्नोत्तरं. एका टीम लीडने उत्साहाने विचारलं, "मॅम, बट झाडं अडॅप्ट नाही का करत? म्हणजे आम्ही पण लॉकडाऊनमध्ये केलंच ना. वर्क फ्रॉम होम वगैरे."

मॅडमनी माइक जवळ घेतला.

"झाडांना जन्मापासून वर्क फ्रॉम होमच आहे," त्या म्हणाल्या. "घरच तापलं, हीच तर अडचण आहे."

सभागृह हसलं. एचआरने टाळ्या वाजवल्या आणि मॅडमना कुंडीतलं एक प्लॅस्टिकचं झाड भेट दिलं. परत येताना ते मॅडमच्या मांडीवर होतं. वारज्याच्या पुलाजवळ त्या एवढंच म्हणाल्या, "हे काढेल तिसरा उन्हाळा."

*

हा किस्सा रेवाचा. ती आता साडेतीन वर्षांची आहे, आणि पोरांना आपण शिकवतो ते सोडून सगळं येतं. घरी मी केदारला दिवसभराचं सांगताना नख लावून, पाठ करून, हात वर करून दाखवते, ते तिने उचललं. सोसायटीच्या बागेत ती झाडापुढे जाते, नख लावते, पाठ करते आणि पंजा दाखवते. मनी प्लँटला पंजा, तुळशीला पंजा, काल रात्रीच्या पोळीला मूठ. सगळे कौतुक करायचे. मी मात्र तिचा हात खाली ओढायचे. कोणत्या आईने मुलीला हे शिकवलं असेल!

केदारची आजी कर्वेनगरला असते, नव्वदीच्या पुढची. एप्रिलमध्ये ती आजारी पडली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पलंगावर डोळे मिटून पडलेली होती, तोंड किंचित उघडं, हात चादरीवर. नातेवाईक भिंतीकडेने बसलेले, सगळे हळू आवाजात. माझं लक्ष जाईपर्यंत रेवा पलंगापाशी पोचली होती. तिने पणजीच्या मनगटाला हलकेच नख लावलं, वाकून बघितलं, पाठ केली, आणि हात वर करून मूठ आवळली.

मला जमिनीने पोटात घ्यावंसं वाटलं.

पणजीने एक डोळा उघडला.

"अजून नाही गं," ती म्हणाली. "परत बघ."

परत बघितल्यावर रेवाने पंजा दाखवला, तेव्हा कुठे सगळे हसले. पणजी नंतर उठून बसायला लागली. पण त्या रात्री केदार अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाला, "तू ही नोकरी बदलणार आहेस का?" मी म्हटलं, मॅडम रिटायर झाल्यावर बघू. त्याने विचारलं, रोपं किती राहिली?

"एक," मी म्हटलं.

*

निरोप समारंभ मेच्या मध्यावरच उरकला, कारण डायरेक्टर नंतर परदेशी जाणार होते. शाल, श्रीफळ, समोसे. प्रत्येक वक्त्याने मॅडमना 'झाडांची माऊली' म्हटलं. आमच्या बाजूच्या खुर्चीत मॅडमचा जबडा आवळत चाललेला मला दिसत होता. शेवटी संस्थेतर्फे एक कुंडी दिली, या वेळी खऱ्या झाडाची. लहानसं, तुकतुकीत पानांचं.

मॅडमनी ती दोन्ही हातांत धरली. मातीला बोट लावून बघितलं.

"याला पाणी घातलेलं चालतं ना?" त्यांनी विचारलं.

सभागृहात हशा पिकला. निखिल, प्रज्ञा आणि मी समोरच्या समोशाकडे बघत होतो.

*

आता राहिला एक. हा आम्ही डब्याच्या वेळी सांगत नाही.

मे संपत आला होता. मॅडमची ही शेवटची खेप, आणि तुकडीतलं शेवटचं रोप बघायचं होतं. मागच्या वेळी त्याला हिरवं होतं. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला असता तर तिसरा उन्हाळा निघाला असता. घाटात ढग होते, पण कोरडे. गाडी निखिल चालवत होता. मॅडमनी मध्येच मागे वळून रेवाचा खोकला कसा आहे ते विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. प्रज्ञा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी बोलत होते, कारण मला भीती वाटली की मी बोलते.

निखिल खालच्या अंगाला सेन्सरच्या पेट्या उघडायला गेला. आम्ही तिघी चढून वर गेलो. रोप एका दगडाच्या आडोशाला होतं. वीतभर. दोन पानं अजून देठाला धरून होती. प्रज्ञाने एक पान बोटांत धरलं, त्याचा चुरा झाला.

"पान बघायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "नख लावा."

मी गुडघ्यावर बसले. वरच्या टोकाला नख लावलं. तपकिरी. मधोमध लावलं. तपकिरी. मातीच्या अगदी जवळ, जिथे नख लावताना खोड मोडेल असं वाटतं, तिथे लावलं. तपकिरी, कोरडं, भुसा निघावा तसं. दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी वाकून बघत होत्या. मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, घातला, पुन्हा बघितलं. प्रज्ञाने मातीवरचा पाचोळा बाजूला केला आणि पुन्हा होता तसा ठेवला.

मी बाजूला झाले. म्हटलं, "वळा."

त्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मॅडम उताराकडे तोंड करून, प्रज्ञा चढाकडे. एरवी माझा शब्द पुरा व्हायच्या आत प्रज्ञाची मूठ तयार असायची.

म्हटलं, "हात."

आधी मॅडमचा हात वर आला. पंजा उघडा.

मग प्रज्ञाचा. पंजा उघडा.

मी दोन्ही हातांकडे बघत राहिले. त्यांना एकमेकींचा हात दिसत नव्हता, तो मलाच सांगायचा होता.

"दोन्ही पंजे," मी म्हटलं.

कोणीच वळलं नाही. खाली निखिलने पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"मग लिहा की," मॅडम म्हणाल्या.